केसपेपर सांभाळणारे हात

मराठी माणूस सरकारी दवाखान्यात गेला की आधी ‘केसपेपर काढतो’. म्हैसूरचा रुग्ण खिडकीशी ‘चीटी’ मागतो. आतला माणूस मान वर न करता नाव, वय, गाव विचारतो, नंबर टाकतो आणि कागद पुढे सरकवतो. हे काम जुनेच, पण ते शिकून करायचे असते ही जाणीव मात्र फार उशिरा आली.

म्हैसूरला दप्तराचे वावडे कधीच नव्हते. संस्थानच्या जुन्या कचेऱ्यांत कानडीच्या जोडीला मराठीतही हिशेब लिहिले जात. रुग्णाच्या दप्तराची गोष्ट वेगळी. हिशेबातली चूक पुढच्या वर्षी सापडली तरी निस्तरता येते. पेनिसिलिन सोसत नाही हे लिहायचे राहिले, तर तेवढी सवड मिळत नाही.

म्हैसूर मेडिकल कॉलेज १९२४ मध्ये बंगळुरात सुरू झाले आणि १९३० मध्ये म्हैसूरला आले. कृष्णराजेंद्र रुग्णालय हे त्याचे शिकवणीचे रुग्णालय. जिथे डॉक्टर घडवायचे, तिथे रुग्ण घरी गेल्यावरही त्याचे कागद लागतात, कारण विद्यार्थ्याला आजार पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत वाचायचा असतो. त्याच सुमारास, १९२८ मध्ये, अमेरिकेत ग्रेस व्हायटिंग मायर्स या बोस्टनच्या ग्रंथपाल बाईंच्या अध्यक्षतेखाली रुग्णालयीन नोंदी सांभाळणाऱ्यांची पहिली संघटना उभी राहिली. हे कारकुनीपलीकडचे काम आहे, असे या मंडळींनी ठामपणे मांडले. आपल्याकडे मात्र बरीच वर्षे हे काम हाताखाली राहूनच शिकले जाई.

अशा नोंदींचे मोल कळायला जुन्या म्हैसूर राज्यातलीच एक घटना पुरेशी आहे. १९५७ च्या मार्चमध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. माकडे मरतात म्हणून आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केला, तेव्हा गोचिडांतून पसरणारा नवाच विषाणू सापडला. अशा तपासातले पहिले प्रश्न अगदी साधे असतात. रुग्ण कोणत्या गावचा? ताप कोणत्या तारखेला आला? तो रानात गेला होता का? खिडकीवरच्या माणसाने ‘गाव’ हा रकाना कोरा सोडला असेल, तर साथीचा माग तिथेच तुटतो.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या तापाचा संकेतांक ए ९८.२ आहे, आणि त्यासमोर नाव आहे ते त्याच जंगलाचे. २०१२ च्या अखेरीस म्हैसूरजवळच्या बंडीपूरमध्ये मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणाऱ्या वनकर्मचाऱ्यांना हा आजार झाला. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. तिथे लोक त्याला ‘माकडताप’ म्हणतात. क्यासनूर, बंडीपूर, दोडामार्ग; नावे तीन, संकेतांक एकच. म्हणून तर तिन्ही ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी मांडता येतात.

फाइल लावण्यातही कसब आहे. समजा, नंबर २४-६१-८७ आहे. शिकलेला माणूस तो उजवीकडून वाचतो: आधी ८७ चा रॅक, मग ६१ चा कप्पा, मग २४ वी फाइल. नवख्याला हे उलटे वाटते. पण ओळीने आलेले नवे रुग्ण यामुळे शंभर रॅकांत विखुरतात आणि नव्या फायलींचा ढीग एकाच कोपऱ्यात साचत नाही. फाइल बाहेर गेली की तिच्या जागी कार्ड लागते: कोणी नेली, कधी नेली. कार्ड नसेल तर ती फाइल हरवल्यातच जमा.

आज कर्नाटकच्या पॅरामेडिकल बोर्डाच्या अभ्यासक्रमांत वैद्यकीय नोंदींची पदविका आहे. मणिपालला पदवीही मिळते. २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपायचे आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. प्रत्यक्षात ती धावपळ नोंदी विभागाच्या वाट्याला येते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्य-माहिती व्यवस्थापनाला संलग्न आरोग्य व्यवसायांत स्थान दिले. एवढ्या वर्षांच्या कामाची ही पावती खूप आधीच मिळायला हवी होती.

या शिक्षणातला एक धडा मृत्यूच्या दाखल्याचा असतो. कारणाच्या रकान्यात नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेले असते. ते चालत नाही, कारण हृदय प्रत्येकाचेच थांबते. ते कशाने थांबले, हे हवे. पाठीमागच्या पानांवर क्षयाचे औषध, क्ष-किरणांचा अहवाल, सगळे दिसत असते. तरीही नोंदी सांभाळणाऱ्याने स्वतःच्या मनाने ‘क्षय’ लिहायचे नसते. तो चिठ्ठी लावतो आणि फाइल डॉक्टरांकडे परत वॉर्डात जाते.