विसावा मिळाला, पुढे काय?

घरातले म्हातारे माणूस पडले की लोक म्हणतात, "वय झाले." आम्हांस हे उत्तर पुरत नाही. कामगार चळवळीत आमची हयात गेली. तिथे अपघात झाला की नशिबाला बोल न लावता आम्ही जागा, काम आणि वेळ तपासतो. म्हातारपणाच्या अपघातालाही तीच रीत लावली पाहिजे.

नांदगाव हे रेल्वेच्या हमरस्त्यावरचे गाव. येथील एक निवृत्त कीमन आमच्या परिचयाचे होते. हातोडा घेऊन रुळांच्या चाव्या ठोकीत रोज मैलोगणती चालायचे, हे त्यांचे काम. खडीवर त्यांचा पाय कधी घसरला नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षे ते ओट्यावर बसून राहिले आणि एका पहाटे घरच्याच मोरीत पडले. खुबा मोडला. पुढे ते स्वतःच्या पायांनी उंबरठ्याबाहेर आले नाहीत. विसावा त्यांनी कमावला होता. त्याचे करायचे काय, हे आम्ही संघटनावाल्यांनी त्यांना कधी सांगितले नव्हते.

या विसाव्यालाही इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि 1890 साली रविवारची सुटी मिळवून दिली. ती घालवायची कोठे? 1953 च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने त्याचे उत्तर दिले. कामगारांकडून घेतलेला दंड आणि त्यांचे पडून राहिलेले वेतन या निधीत जमा होऊ लागले. कल्याण केंद्रांना असा कामगाराचाही पैसा मिळाला. पण तेथे नजरेसमोर होता तो कामावरचा माणूस. तालमींचेही तेच. बाळंभटदादा देवधरांच्या मल्लखांबाची परंपरा आपल्याच जिल्ह्यातील सप्तशृंगगडाशी जोडली जाते. परंतु आखाड्याने तरुणच डोळ्यांपुढे धरला.

अखेर वृद्धांनी आपली सोय आपणच केली. ठिकठिकाणचे ज्येष्ठ नागरिक संघ 1980 साली 'फेस्कॉम' या महासंघात एकत्र आले. 2017 साली केंद्र सरकारची वयोश्री योजना आली आणि गरीब वृद्धांना काठ्या, चष्मे मिळू लागले. काठी हवीच, पण काठीने मांडीत बळ येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडून मरतात. त्यांत साठीपुढची सर्वांत अधिक. तोल आणि पायांचे बळ वाढविणाऱ्या नियमित व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होते, असे संशोधन सांगते. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. जोडीला डोळे तपासावेत, चक्कर आणणाऱ्या औषधांविषयी डॉक्टरांना विचारावे, मोरीतले शेवाळ घासावे आणि रात्री दिवा ठेवावा.

यासाठी नवी इमारत लागत नाही. तालमीची जागा, शाळेचे पटांगण, देवळाचा सभामंडप दिवसाचे कित्येक तास मोकळे असतात. त्यांतला एक तास वृद्धांच्या नावे लिहून घ्यावा, ही आमची मागणी आहे. पूर्वी आम्ही सुटी मागितली. आता तिला पाय मागतो आहोत. आणि कोणी आजोबा ओट्यावर एकटेच बसलेले दिसले, तर त्यांना हाक मारून सोबत न्यावे. आमच्या कीमनना ती हाक कोणी मारली नाही, आम्हीही नाही.