मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील प्रशीतक-गळती

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील प्रशीतक वायू सांध्यांतून, छिद्रांतून वा जीर्ण रबरी नळ्यांतून बाहेर निसटणे, यास प्रशीतक-गळती म्हणतात. बोलीभाषेत या वायूला ‘एसीचा गॅस’ म्हणतात. तो इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल यांतून तोच वायू पुनःपुन्हा फिरतो. रबरी नळ्यांतून तो अत्यल्प प्रमाणात झिरपतो. परंतु दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागणे हे गळतीचेच लक्षण होय.

कारणे

वर्सोव्याचा किनारा लाभलेल्या अंधेरीसारख्या उपनगरात खारी, दमट हवा कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमला पोखरते. वाहतूक खोळंबली असता कंडेन्सरला वारा कमी मिळून यंत्रणेतील दाब वाढतो व दुबळे सांधे उघडे पडतात. कालांतराने ओ-रिंगा आणि कॉम्प्रेसरचे शाफ्ट-सील कडक होऊन आक्रसतात.

शोध

गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्याने गळतीच्या जागी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे, इलेक्ट्रॉनिक गळतीशोधक, किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग यांनी जागा निश्चित करतात. यंत्रणा रिकामी असल्यास कोरड्या नायट्रोजनच्या दाबाने तपासणी होते. त्यासाठी ऑक्सिजन वापरणे स्फोटास कारण ठरू शकते.

दुरुस्ती

उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने काढून घेतात. सदोष सुटा भाग, ओ-रिंगा आणि ओलावा शोषणारा ड्रायर बदलतात. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने हवा व बाष्प काढून निर्वात स्थिती टिकते का, हे पाहतात. शेवटी उत्पादकाने ठरवलेल्या वजनाइतकाच गॅस भरतात. आर-१३४ए हा वायू वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सियसला उकळतो. त्याचा द्रव त्वचेला वा डोळ्यांना गंभीर इजा करू शकत असल्याने हातमोजे व चष्मा आवश्यक असतात.

गळती न बुजवता केवळ गॅस भरल्यास तोही निसटतो. गॅस कमी झाला की तेल कॉम्प्रेसरकडे पुरेसे परतत नाही आणि तो जाम होऊ शकतो. मग एका ओ-रिंगेच्या कामाऐवजी कॉम्प्रेसरचाच खर्च उभा राहतो.

जुन्या मोटारी आणि पर्यावरण

पूर्वीच्या मोटारींत ओझोनथराला घातक असा आर-१२ वायू असे. १९८७च्या माँट्रियल करारात भारत १९९२मध्ये सहभागी झाला. आर-१२च्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनथर नष्ट करत नाही, मात्र किगाली दुरुस्तीतील मूल्यांनुसार त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,४३०पट आहे. २०१६च्या या दुरुस्तीस भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. आर-१२च्या यंत्रणेतील खनिज तेल आर-१३४एमध्ये मिसळत नाही. म्हणून वायू बदलताना सुयोग्य तेल, ओ-रिंगा आणि ड्रायरही बदलावे लागतात.