मासोळीच्या पाण्याची गोष्ट

पाण्याची परीक्षा आपल्या घरांतून पूर्वापार चुलीवर होत आली आहे. तुरीची डाळ मऊ शिजली की पाणी हलके. गणंग राहिली की जड. शाळेच्या पुस्तकांनी साबणाच्या फेसावरून याच दोन पाण्यांना सुफेन आणि दुष्फेन अशी भारदस्त नावे दिली. डाळ काय नि साबण काय, दोन्ही परीक्षांत हलके पाणीच पहिले येणार! पण दिवाणखान्यात काचेची पेटी आली आणि तिच्याबरोबर एक तिसरा परीक्षकही आला. त्या इवल्याशा मासोळीचे मत मात्र या दोघांहून निराळे पडले.

तळोज्याचेच उदाहरण घ्या. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या नव्या इमारती आणि नोव्हेंबर २०२३ पासून पेंधरपर्यंत धावणारी मेट्रो. अशा नव्या वस्तीत पाणी कधी नळाचे, कधी टँकरचे, तर कधी विंधणविहिरीचे. म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आर. ओ. चे यंत्र आलेच. जे पाणी आपण बाळाला पाजतो, तेच माशांना दिले तर त्यांचेही भलेच होईल, असे कोणत्याही मायाळू गृहिणीला वाटणे साहजिक आहे. माशांना ते का मानवत नाही, याचा उलगडा व्हायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला. तो इतिहास मोठा मनोरंजक आहे.

१७४८ साली झां-आंत्वान नोले या फ्रेंच विद्वानाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला डुकराचे मूत्राशय घट्ट बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडविले. पाणी आपण होऊन आत शिरू लागले आणि पापुद्रा फुगून टरारला. यालाच पुढे परासरण हे नाव मिळाले. जिकडे क्षार अधिक, तिकडे पाण्याची ओढ, हा त्याचा साधा नियम.

शंभर वर्षांनी, १८५० साली, लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्याच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र नांदवून दाखविल्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पण समुद्राचे पाणी रोज कोण वाहून आणणार? तेव्हा १८५४ मध्ये फिलिप गॉस याने साधे मीठ, एप्सम सॉल्ट आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार तोलून नळाच्या पाण्यात मिसळले आणि घरच्या घरी समुद्र तयार केला! पाण्यात क्षार मोजून घालण्याच्या विद्येचे हे एक आरंभीचे पान होय.

खरे मर्म उलगडले ते मात्र एका वैद्याच्या हातून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील सिडनी रिंगर १८८२ च्या सुमारास बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडते ठेवीत असत. पुढे ध्यानात आले, की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे नसून नळाच्या पाण्याचे होते. शुद्ध पाण्यात द्रावण करून पाहिले, तर हृदय थोड्याच वेळात थांबले! नळाच्या पाण्यातला नगण्य वाटणारा चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, त्या हृदयाला चालवीत होता. मग रिंगरनी मासेच घेतले. ऊर्ध्वपातित पाण्यात ते काही तासांत दगावले. पाण्यात चुन्याचा थोडा क्षार घातला, की कितीतरी अधिक काळ तगले. इस्पितळात ‘रिंगर लॅक्टेट’ची बाटली टांगलेली आपण पाहतो, तिच्यातले रिंगर ते हेच.

असे का व्हावे? माशाचे रक्त भोवतालच्या गोड्या पाण्याहून खारट असते. म्हणून नोलेच्या पापुद्र्याप्रमाणे त्याच्या कल्ल्यांतून पाणी सारखे आत शिरते. मूत्रपिंडे ते रात्रंदिवस बाहेर टाकतात आणि त्याबरोबर थोडे क्षारही वाहून जातात. ही तूट मासा कल्ल्यांवाटे पाण्यातूनच क्षार ओढून भरून काढतो, असे डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले. पाण्यात क्षारच नसतील तर तो भरून काढणार कुठून? भरल्या घरात उपासमार म्हणतात ती हीच.

याच परासरणाला उलटे फिरविले १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपल्या देशात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी. दाब देऊन खारे पाणी पातळ पटलातून ढकलायचे. पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात. आपल्या भिंतीवरचे यंत्र हे त्याचेच नातवंड. माणसाला अन्नातून क्षार मिळतात म्हणून त्याचे निभते. तरीही लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला हे यंत्र लावू नये, असे २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने सुचविले होते.

मग मासे पाळणाऱ्याने काय करावे? दहा लिटर आर. ओ. पाण्यात जिप्सम १ ग्रॅम आणि एप्सम सॉल्ट १ ग्रॅम विरघळविले, तर पाण्याची कठिणता लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम होते. खाण्याचा सोडा १ ग्रॅम घातला, की क्षारता सुमारे ६० मिलिग्रॅम. हा सोडा महत्त्वाचा. माशांची घाण कुजताना आम्ल तयार होते, ते सोडा शमवितो. तो नसेल तर पाणी एकाएकी आंबटते. जिप्सम सावकाश विरघळतो, म्हणून मिश्रण बादलीत करावे आणि पेटीत थोडेथोडे ओतावे. गप्पी, मोली यांना जरा जड पाणी आवडते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या निऑन टेट्राला हलके. ज्याचे माहेर जसे, तसे त्याचे पाणी!

इथे एक सावधगिरीचा शब्द. क्षार मोजणारे खिशातले मीटर आकडा सांगते, जात सांगत नाही. त्याला चुना काय नि विष काय, सारखेच. तळोज्याच्या कासाडी नदीने हे धडधडीत दाखविले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथली भटकी कुत्री निळी झालेली साऱ्या जगाने पाहिली. कारखान्याचा रंग त्यांच्या अंगावर चढला होता. नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवादापुढेही गेले. या नदीच्या आणि खाडीच्या काठावरच्या कोळी कुटुंबांची चूल कित्येक पिढ्या तिच्यातल्या मासळीवर पेटत आली. पेटीतले पाणी तीन चिमटींत सुधारते. कासाडीत मात्र घालण्याजोगे काही नाही. तिच्यात जे सोडले जाते, ते कारखान्याच्या दाराशीच अडवावे लागेल. तिथेही परीक्षक मासोळीच आहे, आणि तिचा निकाल काठावरच्या कोळणीला मीटरवाचून कळतो: टोपलीत किती आले, एवढेच ती पाहते.