पेर लाशेझ दफनभूमी

पेर लाशेझ दफनभूमी ही फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील शहराच्या हद्दीतील सर्वांत मोठी दफनभूमी आहे. ती शहराच्या विसाव्या प्रशासकीय विभागात असून तिचे क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर आहे. २१ मे १८०४ रोजी ती सुरू झाली, तेव्हा ही जागा शहराच्या वेशीबाहेर होती. तिचे मूळ अधिकृत नाव ‘पूर्व दफनभूमी’ असे होते.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकापर्यंत पॅरिसमधील मृतांचे दफन चर्चमध्ये व चर्चच्या आवारांत होत असे. मध्यवर्ती बाजारपेठेलगतच्या सँ-इनोसाँ दफनभूमीत गरिबांची प्रेते मोठ्या सामाईक खड्ड्यांत थरांनी पुरली जात. दफनभूमी शहराबाहेर हलवण्याचा आदेश पॅरिसच्या न्यायसंसदेने १७६५ मध्ये दिला होता. परंतु त्याची अंमलबजावणी झाली नाही. १७८० मध्ये लगतच्या घराच्या तळघराची भिंत खचून आत प्रेतांचे अवशेष आले आणि सँ-इनोसाँ बंद करण्यात आली. तेथील अस्थी पुढे शहराच्या दक्षिणेकडील जुन्या दगडखाणींत हलवण्यात आल्या.

स्थापना

सेन प्रांताचे प्रशासक निकोला फ्रोशो यांनी नगरासाठी पूर्वेकडील टेकडीवरील सुमारे १७ हेक्टर जमीन विकत घेतली. ही जमीन पूर्वी जेझुइट पंथाची होती. राजा चौदावा लुई याचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू फ्रांस्वा द ला शेझ यांचे येथे वास्तव्य असे. त्यांच्यावरूनच दफनभूमीचे नाव रूढ झाले. आराखडा वास्तुविशारद अलेक्सांद्र-तेओदोर ब्रोंन्यार यांनी केला. टेकडीचा चढउतार व जुनी झाडे राखून त्यांनी वळणदार वाटांचे उद्यान योजले.

१२ जून १८०४ च्या हुकुमाने चर्चमध्ये व वस्तीत दफन करण्यास मनाई झाली. दफनभूमी वस्तीच्या हद्दीपासून किमान ३५ ते ४० मीटर दूर असावी, प्रत्येक प्रेतासाठी दीड ते दोन मीटर खोल स्वतंत्र खड्डा असावा आणि तो पाच वर्षांपूर्वी पुन्हा वापरू नये, असे नियम त्यात होते. मोबदला देऊन कायमस्वरूपी जागा घेण्याची तरतूदही त्यात होती. व्यवहारात मात्र ज्यांना जागा विकत घेणे परवडत नसे, त्यांना पुढे अनेक दशके सामाईक चरांतच पुरले जाई.

विस्तार

शहरापासूनच्या अंतरामुळे आरंभी पॅरिसवासीयांनी या जागेकडे पाठ फिरवली. १८१७ मध्ये नाटककार मोलिएर व कवी ला फोंतेन यांचे, तसेच आबेलार व एलोईझ यांचे मानले जाणारे अवशेष येथे आणण्यात आले. त्यानंतर येथे समाधी असणे प्रतिष्ठेचे ठरले. १८२४ ते १८५० या काळात क्षेत्र पाच वेळा वाढवले गेले. १८६० मध्ये पॅरिसची हद्द वाढली आणि वेशीबाहेरची दफनभूमी शहराच्या आत आली.

धर्म आणि दहन

१८०४ च्या हुकुमानुसार प्रत्येक धर्मासाठी वेगळी जागा राखली जाई. ज्यू विभाग १८१० मध्ये, तर मुस्लिम विभाग १८५० च्या दशकात सुरू झाला. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांच्या मातोश्री मलिका किश्वर यांचे दफन १८५८ मध्ये येथेच झाले. राज्य परत मिळावे म्हणून त्या इंग्लंडला गेल्या होत्या. परतीच्या प्रवासात पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. १८८१ च्या कायद्याने धर्मनिहाय विभागणी रद्द झाली. १८८७ च्या कायद्याने दहनास मान्यता मिळाल्यावर येथील दाहगृहात १८८९ पासून दहन होऊ लागले.

पॅरिस कम्यूनच्या अखेरीस, २८ मे १८७१ रोजी, पकडलेल्या १४७ कम्यूनसैनिकांना येथील पूर्वेकडील भिंतीपाशी गोळ्या घालण्यात आल्या. ही भिंत आज स्मारक आहे.

प्रभाव आणि सद्यस्थिती

बॉस्टनजवळील माउंट ऑबर्न (१८३१) व लंडनमधील केन्सल ग्रीन (१८३३) या दफनभूमींसमोर पेर लाशेझचा नमुना होता. येथे आजही दफन होते. परंतु जागा अत्यंत अपुरी आहे. कायमस्वरूपी दिलेली, पण वारसांनी दुर्लक्षित केलेली थडगी विहित प्रक्रियेनंतर नगर प्रशासन परत ताब्यात घेते.