मोरचूद, चुना आणि टोमॅटोचं पान

टोमॅटोची पानं करपली की दुकानदार देईल ते औषध आपण आणतो, आणि ते बिल शेवटी गटाच्या कर्जातूनच भागतं. म्हणून आज आम्ही करप्याचा इतिहास सांगणार आहोत.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याची पानं काळी पडली. गरिबांचं पोट बटाट्यावरच होतं. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेनं आणि तापानं गेली. कोणी म्हणे हवा बिघडली, कोणी म्हणे देवाचा कोप. खरा गुन्हेगार बुरशीसारखा एक बारीक जीव होता. जर्मनीच्या डी बारी यांनी ते १८६१ मध्ये दाखवून दिलं. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले, म्हणून हाच उशिराचा करपा आपल्या टोमॅटोवरही येतो.

औषध मात्र सापडलं फ्रान्समध्ये, द्राक्षाच्या मळ्यात. बोर्डो शहराजवळचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. कशाला? निळे डाग बघून वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून! १८८२ साली केवड्यानं मळेच्या मळे उघडे पडले, पण या वेलींची पानं शाबूत राहिली. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांच्या ते नजरेत भरलं. १८८५ मध्ये त्यांनी कृती जाहीर केली. तेच आपलं बोर्डो मिश्रण.

पण ते प्रत्येक पानाचं औषध नाही. ढगाळ, दमट हवेत पाण्यानं भिजल्यासारखे काळपट डाग आले आणि पानाखाली पांढुरकी बुरशी दिसली, तर उशिराचा करपा. खालच्या जुन्या पानांवर डागात गोल गोल वलयं असली, तर लवकरचा. दोन्हींवर बोर्डो चालतं, पण वेळेत. आत मुरलेला रोग ते काढत नाही. पानं वर वळून आखडली, पिवळी पडली, झाड खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. तिथे बोर्डो मारणं म्हणजे पैसे पाण्यात. ते झाड उपटून पुरायचं, आणि पुढच्या वेळी रोपांवर बारीक जाळी लावायची.

१० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं. मग घासलेला लोखंडी खिळा त्यात बुडवायचा. तो तांबूस झाला तर चुना कमी पडला. आणखी चुना घालून, गाळून त्याच दिवशी फवारायचं.