दुभंगलेला ओठ सांधला, घर सावरले

परभणी - बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला दिसताच घरातील आनंदावर विरजण पडते. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरल्याने असे झाले, हा समज खेड्यापाड्यांतून अद्याप पुरता पुसलेला नाही. त्यामुळे दोषाचे खापर आईच्याच माथी फुटते. वास्तविक, गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत ओठ व टाळूची सांधणी अपुरी राहिल्याने हे व्यंग उद्भवते. सुमारे सातशे जन्मांमागे एका बाळात ते आढळते. ग्रहणाचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही.

टाळूही दुभंगलेली असल्यास बाळाला दूध ओढता येत नाही. ते नाकावाटे बाहेर येते. अशा बाळाला उभे धरून, आईचेच दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे लागते. वजन वाढले नाही, तर शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, तर टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्यात केली जाते.

महाराष्ट्रात या कार्याला सेवाभावी परंपरा आहे. पंढरपूर येथे १९३० मध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी १९६८ पासून भारतात मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिरे घेतली. अपघातातील पक्षाघात व कर्करोगामुळे गमावलेले स्वरयंत्र, यांनीही त्यांचे काम थांबले नाही. २००१ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये स्थापन झालेली 'स्माईल ट्रेन' ही संस्था स्थानिक डॉक्टरांमार्फत वर्षभर विनामूल्य शस्त्रक्रिया घडवून आणते. परभणीशेजारच्या लातूर येथे डॉ. विठ्ठल लहाने यांनी या संस्थेच्या साहाय्याने हे काम केले आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकेही अंगणवाड्या व शाळांतून अशा बालकांचा शोध घेतात.

तासाभराच्या या शस्त्रक्रियेने केवळ चेहराच बदलतो असे नव्हे. बाळाला लोकांसमोर नेताना पदराआड झाकणारी आई निःसंकोच घराबाहेर पडू लागते. चिडवण्यामुळे शाळा सोडण्याची वेळ मुलावर येत नाही आणि मुलीच्या विवाहाची चिंताही ओसरते.

मात्र, टाळू सांधल्यानंतर स्पष्ट उच्चारांसाठी वाचोपचार, तसेच कान व दातांची नियमित तपासणी आवश्यक असते. शस्त्रक्रिया विनामूल्य झाली, तरी बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांचे पुढील उपचार नेमके येथेच खंडित होतात. म्हणून शस्त्रक्रियेची व फेरतपासणीची तारीख गाव सोडण्यापूर्वीच आशा कार्यकर्तीमार्फत निश्चित करून घेणे हिताचे ठरते.