सोंग आणि अधिकार : पात्रनिवडीचा प्रश्न

विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात पदव्युत्तर वर्गाला एकनाथांची भारुडे शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘नाथांनी महाराचे सोंग घेतले; महाराला नाथांचे सोंग घेता आले असते का?’’ खेळणारा आपले पात्र कसे निवडतो, या वरकरणी निरुपद्रवी प्रश्नामागील खरा प्रश्न हाच आहे. आवड ही नंतरची बाब. आधी येतो तो अधिकार.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले. या आख्यानात पदे सूत्रधाराच्या मुखी असत. पात्रांची भाषणे मात्र लिहिलेली नसत. ती नटाने प्रसंग पाहून रचायची. बोलण्याचे असे स्वातंत्र्य असले, तरी पात्राची निवड नटाकडे नव्हती. धिप्पाड देह आणि खडा आवाज राक्षसपार्टीकडे, कोवळा मुलगा स्त्रीपार्टीकडे, अशी वाटणी होई. पुढे १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’सारख्या लिखित संहितेच्या नाटकांनी बोलण्याचे ते स्वातंत्र्यही आटोपते घेतले.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. मेजाभोवती बसून, संहितेवाचून, आपापल्या पात्राच्या वतीने बोलण्याचा हा खेळ भाव्यांच्या प्रयोगाशी विलक्षण जवळचा आहे. सूत्रधाराच्या जागी येथे पंच असतो. मूळ नियमांनुसार पात्राचे बळ, बुद्धी इत्यादी सहा गुण तीन फाशांनी ठरत आणि ते पाहून खेळाडू योद्धा, मांत्रिक की धर्मोपदेशक व्हायचे ते ठरवी. म्हणजे दान दैवाचे, निवड खेळाडूची. सांगलीत देहाचे दान जन्माने पडलेले होते आणि निवड दुसऱ्याची होती. दोहोंतील भेद कल्पनाशक्तीचा नाही, निर्णय कोणाच्या हाती आहे याचा आहे.

मात्र फाशांपुढची समता ही मेजापुरतीच असते. जातिव्यवस्थेत सोंगाचा प्रवास बहुधा वरून खाली सुकर असतो. नाथांच्या ‘जोहारा’तील करुणा अस्सल आहे, परंतु ज्याच्या नावाने ती बोलते, त्याला तिथे निवडीची मुभा नाही. ती मुभा पुढे जलशांनी घेतली. सत्यशोधक जलशांत बहुजन नटांनी भटजी उभा केला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा घाट राखला, पण त्यातून आपले प्रश्न मांडले. ज्यांना आजवर केवळ पात्र व्हावे लागले होते, ते आता पात्रे ठरवू लागले.

आपल्या नाट्येतिहासाने भूमिका कशा वठल्या याची पुष्कळ नोंद ठेवली आहे. त्या कोणी कोणाला दिल्या आणि कोणाला नाकारल्या, हा इतिहास अजून मांडायचा आहे. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्याचे पहिले प्रकरण ठरावा.